बिनरंगी पाणी

पूर्वी मंदारपूर नावाच्या नगरात धृतिसेन राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या नीळ रंगवणाऱ्यांच्या घरी जन्माला आला होता. त्याचं नाव भद्रक. आता तुम्ही म्हणाल, बोधिसत्त्व आणि कोपरापर्यंत निळे हात? हो, तसंच. तो हरिण झाला, हत्ती झाला, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. मग रंगारी झाला तर बिघडलं कुठे?

मंदारपुराला वळसा घालून सुमना नदी वाहत होती. काठावर रंगाऱ्यांची दोनशे घरं होती आणि त्या सगळ्यांची मिळून एक श्रेणी, म्हणजे धंद्याचा संघ, होती. भद्रक हा त्या श्रेणीचा ज्येष्ठ. ज्येष्ठाचं काम काय, तर चव घेणं. हसू नका. निळीच्या वड्या चुना, गूळ आणि टाकळ्याचं बी घालून रांजणात आठ दिवस मुरवायच्या, की मग रांजण तयार होतो. पण तयार झाला हे सांगायचं कुणी? डोळ्याला ते कळत नाही. त्यासाठी ज्येष्ठ यायचा, रांजणात बोट बुडवायचा आणि जिभेवर टेकवायचा. चुना जास्त झाला असला तर जीभ आवळायची, गूळ कमी पडला असला तर घशाशी कडवट यायचं. सगळं जमून आलेलं असलं की भद्रक डोळे मिटून एकच शब्द बोलायचा, "साधलं." मग बायका हसत-बोलत कापडं घेऊन पुढे व्हायच्या. भद्रकाच्या आधी त्याचा बाप हे करायचा आणि बापाच्या आधी आजा. नगरात त्यांच्या घराला 'जीभवाल्यांचं घर' म्हणूनच ओळखत.

श्रेणीचा आणखी एक नियम होता आणि त्याचा रंगाऱ्यांना फार अभिमान होता. रंगीत पाणी नदीत जाऊ द्यायचं नाही. वापरलेलं पाणी आधी मोठ्या कुंडात साठवायचं, नीळ तळाशी बसू द्यायची आणि वरचं नितळ, बिनरंगी पाणी तेवढं पाटाने नदीला सोडायचं. चुकून कुणाच्या अंगणातून निळी धार वाहिली, तर त्याला वर्षभर पंगतीत शेवटी बसावं लागे. रंगाऱ्याची जात ती. सगळं आयुष्य रंगात गेलेलं. जिथे रंग नाही तिथे काहीच नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं.

तर झालं असं, की एका वर्षी सीमेवर शत्रू हालचाल करतो आहे अशी वार्ता आली. राजाने श्रेणीला आज्ञा दिली, "दोन महिन्यांत दहा हजार सैनिकांसाठी निळे अंगरखे हवेत." रंगारी बोटांवर हिशेब करू लागले. एक रांजण साधायला आठ दिवस लागतात, मग दहा हजार अंगरखे दोन महिन्यांत कसे व्हायचे? नाही म्हणावं तर समोर राजा, आणि हो म्हणावं तर आठवड्याचे दिवस काही वाढत नाहीत.

तेव्हा पूर्णक पुढे आला. पूर्णक चाळिशीतला, हुशार, हाताला भारी चलाख. भद्रकाने त्याला स्वतः काम शिकवलं होतं आणि तो भद्रकाला काका म्हणत असे. बंदरावर परदेशी व्यापाऱ्यांकडून तो एक नवी रीत शिकून आला होता. गूळ नाही, टाकळ्याचं बी नाही. हरताळ नावाचा पिवळाधमक दगड कुटायचा, कळीच्या चुन्यात मिसळायचा आणि रांजणात टाकायचा. सकाळी टाकला की दुपारी रांजण तयार. अट एकच होती. व्यापाऱ्याने हसत हसत सांगितलं होतं, "एवढं करा, याला जीभ लावू नका."

रांजण खरोखरच दुपारी साधला. निळाई अशी उतरली, की म्हातारे रंगारीही बघत राहिले. अंगरखे वेळेत झाले. लढाई मात्र झालीच नाही. शत्रूचा राजाच आजारी पडला. पण आठ दिवसांचं काम अर्ध्या दिवसात होतं हे एकदा पाहिल्यावर पुन्हा आठ दिवस कोण थांबणार? सगळ्या श्रेणीने नवी रीत उचलली.

भद्रकाच्या जिभेला काम उरलं नाही. मान म्हणून त्याला प्रत्येक नव्या रांजणाला बोलवायचे. तो बोट बुडवायचा, पण ते जिभेवर न नेता कपाळाला टेकवायचा आणि 'साधलं' म्हणायचा. त्यात काही अर्थ नाही हे त्यालाही ठाऊक होतं आणि बघणाऱ्यांनाही. पहिले काही दिवस त्याला फार वाईट वाटलं. मग घरात धान्य आलं, नातवंडांच्या अंगावर चांगले कपडे आले, आणि वाईट वाटायचं थांबलं. बोधिसत्त्व झाला तरी माणूसच. सुख त्याच्याही अंगवळणी पडलं. अशी तीन वर्षं गेली.

नगराच्या खाली, नदी जिथे पसरट होते, तिथे वाळूवाडी नावाचं गाव होतं. तिथले लोक वाळूत काकड्या पिकवायचे आणि नदीचंच पाणी प्यायचे. तिसऱ्या वर्षी त्या गावाचे लोक राजाच्या दारात येऊन उभे राहिले. नदीत मासे उलटे तरंगत होते. गुरांचे केस झडत होते. पोरांची पोटं दुखायची थांबत नव्हती आणि त्यांच्या तळहातांवर काळे डाग उठले होते. एका बापाने आपल्या मुलीचा हात राजासमोर धरला आणि तसाच धरून ठेवला.

राजा धृतिसेन वाईट माणूस नव्हता. ते डाग पाहून त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी त्याने जलामात्य गोमित्राला बोलावलं आणि सांगितलं, "नदीत विष कोण घालतंय ते शोधून काढा."

गोमित्र प्रामाणिक होता, पण त्याला घाई होती. नगर आणि वाळूवाडी यांच्या मधे, काठावर, कातडी कमावणाऱ्या चर्मकारांची चाळीस घरं होती. वाऱ्याची दिशा फिरली की अर्ध्या नगराने नाकाला पदर लावावा असा तिथे वास. अमात्य वस्तीच्या तोंडाशी गेला, नाक दाबलं आणि तिथूनच परत फिरला. मग तो रंगाऱ्यांच्या पाटावर आला. चांदीच्या वाटीत त्याने पाटाचं पाणी घेतलं, त्यात आपली अंगठी टाकली आणि वरून पाहिलं. अंगठीवरचं नक्षीकाम वाटीच्या तळाशी लख्ख दिसत होतं.

"याला म्हणतात पाणी," अमात्य म्हणाला.

निकाल लागला. चर्मकारांनी येत्या पौर्णिमेच्या आत वस्ती उठवून राज्याबाहेर जावं. आणि नदी इतकी निर्मळ राखल्याबद्दल रंगाऱ्यांच्या ज्येष्ठाला राजाकडून रेशमी शेला मिळावा. भद्रकाने भर सभेत तो शेला खांद्यावर घेतला. खोटं कशाला सांगू, त्याला खूप आनंद झाला. तो घरी जाईपर्यंत वाटेत भेटेल त्याला शेला दाखवत होता.

पौर्णिमेला पाच दिवस राहिले होते. भद्रक अंगणात बसला होता, तेव्हा सामामाय आली. ही चर्मकारांच्या वस्तीतली सगळ्यात वडील बाई. रंगाऱ्यांना पाणी वाहायला लागणाऱ्या चामड्याच्या पखाली तीन पिढ्या तिच्याच घरून येत होत्या. पाठीवर पखालींचा गठ्ठा होता. तो तिने ओट्यावर टाकला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बारा सांगितल्या होत्यास. या सात शिवून झाल्यात, पाच अर्ध्या राहिल्यात. त्या आता नाही होणार. आम्हाला जायचंय."

भद्रकाने पखालींचा गठ्ठा बाजूला सरकवला. "बस, माय. पाणी घेतेस?"

"नको. तुझ्याकडचं पाणी नको." ती ओट्यावर टेकली. "भद्रका, एक विचारते. तू शहाणा आहेस, मला समजावून सांग. आमच्या वस्तीत वास येतो, मी नाही म्हणत नाही. जन्म गेला त्यात. पण आमच्या कातडी भिजवायच्या हौदांचं पाणी आम्ही नदीला सोडत नाही, मागच्या चिंचेच्या बनात सोडतो. ती झाडं बघितलीस कधी? दोघांच्या कवेत मावत नाहीत. बरं, ते राहू दे. मासे मेले ते कुठून मेले? तुझ्या पाटापासून खाली. आमच्या वस्तीच्या वर, तुझ्या नि माझ्या मधे, तिथेही मेले. आमची घाण काय पायऱ्या चढून वर जाते?"

"माय, आमचं पाणी बिनरंगी असतं. अमात्यांनी स्वतः पाहिलं."

"त्यांनी पाहिलं. तू जीभवाला ना रे? तू चाखलंस?"

भद्रकाची नजर आपल्या निळ्या बोटाकडे गेली. सामामाय गुडघ्यावर हात देऊन उठली. जाताना म्हणाली, "पखाली चांगल्या शिवल्यात. टाके उसवणार नाहीत." आणि गेली. तिच्या आवाजात राग असता तर भद्रकाला बरं वाटलं असतं.

तो तसाच उठला आणि पाटावर गेला. दुपार होती. कुंडातून नितळ पाणी झुळझुळ करत नदीकडे चाललं होतं, इतकं नितळ की तळाचे खडे मोजावेत. भद्रकाने वाकून बोट बुडवलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याचं बोट कपाळाकडे न जाता तोंडाकडे निघालं. ओठांपासून चार अंगुळांवर असेल, इतक्यात कुणीतरी धावत येऊन त्याचं मनगट घट्ट धरलं.

"काका! वेड लागलंय का? हरताळाचं पाणी आहे ते!"

पूर्णक होता. धापा टाकत होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

भद्रक म्हणाला, "अरे, पण याला रंग नाही."

"रंग नाही म्हणून काय झालं? जीव जाईल तुमचा!"

आणि बोलता बोलता पूर्णक थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. हातात म्हाताऱ्याचं मनगट तसंच होतं. दोघांनी नदीकडे पाहिलं. पाणी खाली वाळूवाडीकडे चाललं होतं.

"पूर्णका," भद्रक हळूच म्हणाला, "माझ्या जिभेला जे नको, ते त्या पोरांना रोज चालेल का रे?"

पूर्णकाने मनगट सोडलं आणि तो निघून गेला. भद्रक तिथेच पाटावर बसून राहिला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. ज्या दिवशी 'जीभ लावू नका' असं कुणी सांगितलं, त्याच दिवशी सगळं कळायला हवं होतं. सगळ्या श्रेणीत एकाच माणसाचं काम चव घेणं हे होतं, आणि त्या एका माणसाने बोट कपाळाला लावून तीन वर्षं काढली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने वडाखाली श्रेणी जमवली आणि जे आहे ते सांगितलं. आधी कुणाचा विश्वास बसेना. मग बसला, आणि सगळे एकदम बोलू लागले. कारण मंदारपुरातला जुना दंड सगळ्यांना ठाऊक होता. पाण्यात विष कालवेल त्याच्या गळ्यात दगड बांधून त्याला त्याच पाण्यात सोडावं.

एकजण म्हणाला, "ज्येष्ठ, उद्यापासून आपण जुन्या रीतीवर जाऊ. हरताळ बंद. नदी आपोआप सुधारेल. कुणाला कळायचं कारण नाही."

"आणि चर्मकार?"

"त्यांची चाळीस घरं. आपली दोनशे आहेत." हे बोलताना तो माणूस जमिनीकडे बघत होता. तो काही दुष्ट नव्हता. त्याला तीन लेकरं होती.

भद्रक म्हणाला, "सगळे मिळून राजाकडे जाऊ, असं म्हणायला मी आलो होतो. तुम्हाला भीती वाटते, मलाही वाटते. पण दुसऱ्याला घराबाहेर काढून मिळालेला शेला मला आता टोचतो. तुम्ही नका येऊ. मी एकटा जातो." एकही जण जागचा उठला नाही. पूर्णकही बसला होता, सगळ्यात मागे, गुडघ्यांत मान घालून.

त्याच दुपारी भद्रक राजसभेत गेला तेव्हा एका हातात शेला होता आणि दुसऱ्या हातात पाटाच्या पाण्याने भरलेली, झाकलेली कळशी. त्याने शेला राजाच्या पायांशी ठेवला. मग गोमित्राची चांदीची वाटी मागून घेतली, कळशीतलं पाणी तिच्यात ओतलं आणि ती गोमित्राच्या हातात दिली.

"अमात्य, पाणी कसं आहे?"

"निर्मळ आहे. मी मागेच सांगितलं होतं."

"मग एक घोट घ्या."

गोमित्राने वाटी उचलली. ती ओठांशी जाते न जाते तोच भद्रकाने झेप घेऊन त्याचं मनगट धरलं. वाटी खाली पडली आणि पाणी फरशीवर पसरलं. द्वारपाल भाले सरसावून धावले. रंगाऱ्याने अमात्याच्या अंगाला हात लावावा, हे त्या सभेने कधी पाहिलं नव्हतं.

"क्षमा करा," भद्रक म्हणाला. "काल माझंही मनगट असंच एकाने धरलं, म्हणून मी जिवंत आहे. वाळूवाडीच्या पोरांचं मनगट धरायला कुणी नव्हतं. महाराज, हे विष आमचं आहे. चर्मकारांचं नाही." आणि त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं.

राजाचा चेहरा तांबडालाल झाला. "तुला मी माझ्या हाताने मान दिला! सभेसमोर! दंड ठाऊक आहे ना तुला?"

"आहे, महाराज. ज्येष्ठ मी आहे, दंड मला व्हावा."

"हरताळ मी आणलं." आवाज दारातून आला. पूर्णक आत आला आणि भद्रकाच्या शेजारी उभा राहिला. त्याच्या मागे दारात पंधरा-वीस रंगारी होते. निळे हात जोडून ते उंबरठ्यावरच थांबले होते. आत यायचा त्यांना धीर होत नव्हता आणि परत जायचाही. त्यांना पाहून भद्रकाचे डोळे भरून आले.

"सगळ्यांचे रांजण फोडा," राजा गरजला. "आजपासून या राज्यात नीळ बंद!"

भद्रक म्हणाला, "महाराज, जीव घ्यायचा तर घ्या, पण आधी दोन शब्द ऐकून घ्या. रांजण फोडले तर हे लोक उद्या नदीच्या वरच्या अंगाला, शेजारच्या राज्यात जाऊन रंगवतील. कापड तर लोकांना हवंच आहे. तिथलं पाणी इथे येईल आणि तिथे आपली आज्ञा चालणार नाही. उलट मी एकट्याने हरताळ सोडलं, तर ज्याने सोडलं नाही त्याचं कापड आधी तयार होईल आणि माझी पोरं उपाशी राहतील. आपल्या एकट्याने हे होणार नाही आणि आमच्या एकट्याने तर नाहीच."

"म्हणजे दोष माझाही आहे, असं म्हणायचंय तुला?"

भद्रक घाबरला होता, पण आता मागे फिरायला जागा नव्हती. तो म्हणाला, "आपण दोन महिन्यांत दहा हजार अंगरखे मागितले, महाराज. रांजण आठ दिवसांचा होता. घाई आपली होती, हरताळ आमचं होतं, आणि दोघांच्या मधे नदी सापडली."

राजाच्या स्वतःच्या अंगावरही निळं उपरणं होतं. ते त्याने बोटांत धरून पाहिलं. मग कोषागाराच्या प्रमुखाला विचारलं, "ते दहा हजार अंगरखे कुठे आहेत?"

"कोठारात, महाराज. घालायची वेळच आली नाही."

राजा सिंहासनावरून उठला. "ऐक, भद्रका. मला आत्ता तुझा राग आला आहे आणि स्वतःचाही. पण त्या मुलीचा हात माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. काय करावं ते सांग."

मग जे ठरलं ते त्या एका दिवसात ठरलं नाही. भांडणं झाली, रुसवेफुगवे झाले, गोमित्र दोनदा उठून गेला आणि दोनदा परत आला. पण ठरलं. राजाने कबूल केलं, की सैन्याचं कापड यापुढे वर्षभर थोडं थोडं मागवीन आणि आठ दिवसांच्या रांजणाचंच घेईन. रंगाऱ्यांनी उरलेलं सगळं हरताळ आणून दिलं. ते कुंडातल्या गाळासकट जुन्या वीटभट्टीच्या कोरड्या खड्ड्यात, वर-खाली चिकणमाती ठोकून, कायमचं पुरलं. जागा राजाची, माती वाहायला हात रंगाऱ्यांचे. बंदरावर हरताळ उतरू द्यायचं नाही ही जबाबदारी अमात्याने घेतली. साध्या रांजणाचं पाणीसुद्धा नदीला न देता बनात जिरवायला रंगारी सामामायकडून शिकले. ती त्यांना दिवसभर चिखलात उभं करून ओरडायची, "अरे, उतार बघा, उतार! नुसते हात निळे करून अक्कल येत नाही!" आणि नगराचे मोठमोठे रंगारी खाली मान घालून ऐकायचे.

वस्ती उठवण्याची आज्ञा मागे घ्यायला राजा स्वतः चर्मकारांच्या दारी गेला. वास होता तसाच होता. राजाने नाक दाबलं नाही. सामामाय त्याला म्हणाली, "आलास, बरं केलंस. आता वाळूवाडीला वरचं चांगलं पाणी पोचवायला पखाली लागतील. माझ्या पाच अर्ध्या पडल्यात, त्या आजच पुऱ्या करते." नदी निवळेपर्यंत दोन वर्षं राजाच्या गाड्यांतून, तिच्या पखालींमधून त्या गावाला पाणी जात होतं.

दंडाचा प्रश्न मात्र राहिला होता. गोमित्र म्हणाला, "महाराज, नदीवर चाळीस पहारेकरी ठेवू."

भद्रक म्हणाला, "अमात्य, पहारेकरी डोळ्यांनी बघणार. आपणही डोळ्यांनीच पाहिलं होतं आणि आम्हीही."

तेव्हा राजाने दंड सांगितला. "पाटाच्या खाली, वाळूवाडीच्या अंगाला, नदीत पायऱ्या बांधा. नदी निवळली असं श्रेणी ज्या दिवशी म्हणेल, त्या दिवशी तिथली पहिली वाटी भद्रकाने सर्वांदेखत प्यायची. नदी सुधारली असेल तर तो जगेल."

दोन वर्षांनी श्रेणीने सांगितलं, की नदी निवळली. मासे परतले होते. पायऱ्यांवर सगळं नगर लोटलं होतं. वाळूवाडीचे लोक पुढे होते. त्यांच्यातल्या सगळ्या पोरांचे डाग काही गेले नव्हते. सामामायने चांदीच्या वाटीत नदीचं पाणी भरलं आणि भद्रकासमोर धरलं. पूर्णक मागे उभा होता. त्याला राहवेना, त्याचा हात आपोआप भद्रकाच्या मनगटाकडे गेला.

"या वेळी सोड," भद्रक म्हणाला.

पण त्याच्या आधी राजा पायऱ्या उतरून आला. त्याने सामामायच्या हातातून वाटी घेतली आणि अर्धी पिऊन टाकली. पायऱ्यांवरचे लोक ओरडले. राजाने तोंड पुसलं आणि उरलेली वाटी भद्रकाला दिली. "घाई माझी होती," तो म्हणाला.

भद्रकाने पाणी जिभेवर घेतलं. रांजणांची चव ती जीभ पुन्हा घेऊ लागली होती, पण नदीचं पाणी चाखायचं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. तो डोळे मिटून उभा राहिला. काकडीवाल्यांची पोरं बघायला एकेक पायरी पुढे सरकली. चुना नव्हता. कडवटपणा नव्हता. लहानपणी बापाच्या ओंजळीतून प्यायला होता तीच चव होती. त्याचे गाल ओले झाले.

"साधलं," तो म्हणाला.

तेव्हापासून मंदारपुरात रीत पडली. दर अमावास्येला सकाळी त्याच पायऱ्यांवर श्रेणीचा ज्येष्ठ आणि राज्याचा जलामात्य एकाच वाटीतलं पाणी प्यायचे, आणि ती वाटी भरून द्यायची चर्मकारांच्या घरची वडील बाई. गोमित्र पहिल्यांदा प्यायला तेव्हा आधी वाटीत निरखून बघत राहिला. सामामाय म्हणाली, "घ्या अमात्य, अंगठी नका शोधू तळाशी." लोक खूप हसले, आणि शेवटी गोमित्रही हसला.

ही कथा भगवंतांनी एका ओढ्याकाठी सांगितली. काही भिक्खूंनी झाडाच्या सालीच्या काढ्यात आपली चीवरं, म्हणजे अंगावरची वस्त्रं, रंगवली होती आणि उरलेला काढा ओढ्यात ओतत होते. भगवंतांचा शिष्य आनंद याने हटकलं तेव्हा त्यांच्यातला एकजण म्हणाला होता, "खाली जाईपर्यंत याचा रंगसुद्धा दिसत नाही."

कथा संपल्यावर भगवंत म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळचा राजा धृतिसेन म्हणजे हा आनंद. सामामाय म्हणजे मला वाढवणारी माझी मावशी, महाप्रजापती गौतमी. तेव्हाही तिने मला रागावून शहाणं केलं. पूर्णक म्हणजे हा भिक्खू मोग्गल्लान. रंगाऱ्यांची श्रेणी म्हणजे तुम्ही सगळे. चांदीच्या वाटीत अंगठी पाहणारा अमात्यही आज इथेच बसला आहे. त्याचं नाव मी सांगत नाही."

रंग दिसत नाही म्हणणारा भिक्खू खाली बघत उठला, उरलेल्या काढ्याचा हंडा त्याने उचलला आणि ओढ्यापासून लांब, झाडांकडे घेऊन गेला.

"आणि भद्रक रंगारी म्हणजे मीच होतो," भगवंत म्हणाले. "आपली चूक आपल्या तोंडाने सांगणं, ही त्या जन्मातली माझी सत्यपारमिता, सत्याची पूर्णता. पण ती माझ्या एकट्याची समजू नका. आधी माझं मनगट पूर्णकाने धरलं होतं."